रात्रीत बदललेल्या बातमीविषयी संपादकांस खुले पत्र

प्रति,
वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळे यांचे संपादक

विषय: चुकलेल्या बातमीची दुरुस्ती बातमीइतकीच ठळकपणे देण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी रोज बातम्या वाचणारी, त्यासाठी पैसे मोजणारी आणि तीस वर्षांत ही सवय एकदाच, तीही काही आठवड्यांपुरती, सोडलेली वाचक आहे. कोणत्याही पक्षाची बाजू मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही आणि माध्यमे विकली गेली आहेत असा सरसकट आरोपही मला करायचा नाही. माझा प्रश्न लहान आहे. तुमची बातमी चुकते तेव्हा ती चुकली हे आम्हाला कोण सांगते, कुठे सांगते आणि किती दिवसांनी सांगते? माझा विश्वास डळमळला तो या प्रश्नापाशी, आणि तो पुन्हा बसायचा असेल तर याच प्रश्नाच्या उत्तराने बसेल, म्हणून तो उघडपणे विचारते आहे.

आम्ही राहतो त्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी आग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून धूर येऊ लागला तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. अर्ध्या तासात आम्ही सगळे खाली रस्त्यावर उभे होतो. ज्यांच्या घरात आग लागली ते शेजारचे काका, निवृत्त शिक्षक, रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसले होते. अंगावर कुणाची तरी चादर, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डावा हात कोपरापर्यंत भाजलेला. अग्निशमन दलाचे जवान अजून वरच होते. त्याच वेळी माझ्या मोबाईलवर सूचना झळकली: इमारतीला भीषण आग, एकाचा मृत्यू, शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचे समजते. खाली मृताचे नाव होते, वयासह, आणि ते नाव काकांचे होते. मी ती ओळ वाचली, मान वर करून काकांकडे पाहिले आणि पुन्हा वाचली.

काकांची मुलगी परदेशात असते आणि काकांचा फोन वर घरातच राहिला होता. ती बातमी तिच्यापर्यंत आमच्यापैकी कुणाच्याही आधी पोहोचली, आणि पाऊण तास ती त्या जळत्या घरातल्या फोनवर रिंग देत राहिली. शेवटी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून तिने मला फोन केला, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. काही समजावत बसण्याऐवजी मी फोन काकांच्या कानाला लावला. त्यांनी मास्क बाजूला करून “अगं, मी आहे” एवढेच म्हटले, आणि त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कुणीच काही बोलले नाही.

सकाळी सात वाजता मी तोच दुवा पुन्हा उघडला. मथळा बदलला होता. आता आगीत एक जण जखमी झाला होता. वर दिलेली वेळ मात्र रात्रीचीच होती. आधी काय लिहिले होते, ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिले होते आणि केव्हा काढले, याबद्दल एक अक्षर नव्हते. ज्याने ती बातमी सकाळी पहिल्यांदा वाचली असेल, त्याच्या लेखी ते संकेतस्थळ पहिल्यापासून बरोबरच होते. शॉर्टसर्किट तेवढे जागच्या जागी राहिले. अग्निशमन दलाचा अहवाल अकरा दिवसांनी आला आणि त्यात स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीतून गळती झाल्याचे कारण नोंदवले होते. ते कारण सांगणारी बातमी मला कुठेही दिसली नाही. मी त्या संपादकीय विभागाला दोन पत्रे लिहिली. दोन्हींना उत्तर आले नाही.

रात्री अडीच वाजता कामावर असलेल्या त्या बातमीदाराला मी दोष देत नाही. गर्दीत कुणीतरी “गेले वाटतं” म्हटले असेल, डेस्कवरून मागणी होत असेल, दुसऱ्या कुणी आपल्याआधी बातमी देऊ नये ही धास्ती असेल. घाईत माणूस चुकतो आणि वाचक म्हणून मला ते समजते. पण सकाळी सात वाजता घाई नव्हती. तेव्हा कुणीतरी शांतपणे ठरवले की चूक पुसून टाकायची आणि ती पुसल्याची खूणही ठेवायची नाही. माझी तक्रार त्या निर्णयाबद्दल आहे.

चूक मान्य केल्याने माध्यमाची पत जाते, ही समजूत तुमच्याच व्यवसायाच्या इतिहासात टिकत नाही. 1981 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक यांना ज्या वृत्तलेखासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यातला आठ वर्षांचा व्यसनी मुलगा काल्पनिक असल्याचे उघड झाले. पारितोषिक परत करण्यात आले, आणि त्या वृत्तपत्राने आपल्याच वाचकपालाला (वाचकांच्या वतीने वृत्तपत्राला जाब विचारणाऱ्या माणसाला), बिल ग्रीन यांना, हे कसे घडले याची चौकशी करायला लावून त्यांचा दीर्घ वृत्तान्त पहिल्या पानापासून छापला. 2003 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जेसन ब्लेअर या बातमीदाराच्या बनावट बातम्यांची पाळेमुळे स्वतःच खणली आणि तीही पहिल्या पानावर आणली. 2018 च्या डिसेंबरमध्ये ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाने क्लास रेलोटियस या आपल्या नावाजलेल्या पत्रकाराची वृत्तलेखांतली लबाडी जगजाहीर केली. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्याच साप्ताहिकासाठी लिहिणारे पत्रकार हुआन मोरेनो यांचे वागणे. रेलोटियस यांच्याबरोबर एका वृत्तलेखावर काम करताना त्यांना शंका आली. सुरुवातीला वरिष्ठांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, तरी ते पुरावे गोळा करत राहिले. ही तिन्ही माध्यमे आजही वाचली जातात.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. इराककडे सर्वसंहारक शस्त्रे असल्याच्या दाव्यांना बळ देणाऱ्या कितीतरी बातम्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने युद्धाच्या आधी पहिल्या पानावर दिल्या होत्या. त्या बातम्या हव्या तितक्या काटेकोरपणे तपासल्या गेल्या नव्हत्या, अशी कबुली देणारे संपादकांचे निवेदन 26 मे 2004 रोजी प्रसिद्ध झाले. ते आतल्या दहाव्या पानावर होते. एका बातमीदाराने केलेल्या बनवाबनवीला पहिले पान मिळाले आणि युद्धाच्या आधी झालेल्या चुकीला दहावे. या दोन पानांमधले अंतर वाचकाच्या लक्षात राहते. ते निवेदन प्रामाणिक होते आणि अनेक वृत्तसंस्थांनी तेवढेही केले नाही, हे मी जाणते. तरीही ज्या माणसाने पहिले पान वाचून आपले मत बनवले, तो दहाव्या पानापर्यंत पोहोचला असेलच याची खात्री कोण देणार?

यावर उपाय कुणाला सुचलेच नाहीत असे नाही. ‘द गार्डियन’ने 1997 मध्ये इयान मेज यांना वाचकांचे संपादक म्हणून नेमले आणि दुरुस्त्यांसाठी रोजची ठरलेली जागा दिली. ब्लेअर प्रकरणानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वाचकांच्या वतीने प्रश्न विचारणारे पद निर्माण केले होते, ते 2017 मध्ये रद्द केले; ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने वाचकपालाचे पद 2013 मध्येच बंद केले होते. समाजमाध्यमांवर हजारो वाचक प्रश्न विचारतातच, मग वेगळा माणूस कशाला, असा युक्तिवाद त्यामागे होता. तो मला पटत नाही. बाहेरून हजार लोक ओरडत असले तरी बातमीदाराला त्याची टिपणे मागण्याचा अधिकार त्यांतल्या एकालाही नसतो. वाचकपालाला तो असतो.

आता थोडे भाषेविषयी, कारण आम्हा वाचकांचे डोके शाबूत राहते की नाही, हे पुष्कळदा तुमच्या क्रियापदांवर अवलंबून असते. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा आहे’, ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्द मी रोज वाचते. काकांच्या बातमीतही ‘समजते’ होते. कुणाला समजले? कुणाकडून? त्याने स्वतः पाहिले होते की तोही ऐकलेलेच सांगत होता? आपले नाव उघड झाले तर ज्याची नोकरी किंवा जीव धोक्यात येईल अशा माणसाचे नाव जरूर झाका. अनेक मोठी प्रकरणे अशा माणसांमुळेच बाहेर आली आहेत. पण तो त्या खात्यात काम करतो, त्याने कागदपत्र दाखवले, दुसऱ्या व्यक्तीने त्याला दुजोरा दिला, एवढे तर त्याचे नाव न सांगताही सांगता येते. ते सांगितले की मला त्या माहितीचे वजन करता येते. ‘समजते’ या एका शब्दाने मात्र माहितीची जबाबदारी बातमीदाराच्या खांद्यावरून उतरते आणि दुसऱ्या कुणाच्याच खांद्यावर जात नाही.

दुसरे शब्द आहेत ते आम्हाला काय वाटले पाहिजे हे आधीच ठरवून देणारे: धक्कादायक, खळबळजनक, मोठी बातमी. कुणी साधा प्रश्न विचारला की तो घणाघात होतो, कुणी उत्तर दिले की पलटवार. सभागृहात दोन सदस्यांत मतभेद झाले तर त्या मतभेदाचा विषय चौथ्या परिच्छेदापर्यंत कळत नाही, पण कोण कुणावर बरसले हे मथळ्यातच कळते. असे दिवसाचे चाळीस मथळे वाचून उठणाऱ्या माणसाला आपल्याभोवती अखंड मारामारी चालू आहे असे वाटले, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष म्हणता येणार नाही.

या वाचनाचा शरीरावर आणि मनावर जो परिणाम होतो तो कल्पनेतला नाही. 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्या घटनेचे वार्तांकन पाहत राहिले, त्यांच्यात तीव्र मानसिक ताणाची लक्षणे स्फोटांशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या लोकांपेक्षाही जास्त आढळली, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. घटनेला एक शेवट असतो. तीच दृश्ये पुन्हापुन्हा दाखवणाऱ्या पडद्याला तो नसतो. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या 2024 च्या पाहणीत 47 देशप्रदेशांतील 39 टक्के लोकांनी आपण कधीकधी किंवा बरेचदा बातम्या टाळतो असे सांगितले. 2017 मध्ये हे प्रमाण 29 टक्के होते. बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवतो, असे म्हणणारे 40 टक्केच होते.

आगीच्या त्या रात्रीनंतर मीही टाळणाऱ्यांत जाऊन बसले. आपल्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीची बातमी इतकी चुकते, तर जे आपण पाहिले नाही त्याचे काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. लेखक मायकल क्रायटन यांनी या अनुभवाची उलट बाजू सांगितली होती आणि आपले भौतिकशास्त्रज्ञ मित्र मरे गेल-मान यांच्या नावावरून तिला ‘गेल-मान विस्मृती’ म्हटले होते: स्वतःच्या विषयावरची बातमी वाचताना माणसाला तिच्यातल्या चुका ढळढळीत दिसतात, आणि पान उलटताच तो दुसऱ्या विषयावरची बातमी पूर्ण विश्वासाने वाचू लागतो. माझी ती विस्मृती गेली होती, पण तिच्या जागी शहाणपण आले नव्हते. काहीच खरे नाही, असे म्हणणे मला सोयीचे वाटू लागले होते. मी वर्गणी थांबवली, सूचना बंद केल्या, आणि पहिले आठ-दहा दिवस खरोखरच झोप चांगली लागली.

मग एका संध्याकाळी मोबाईलवर एक आवाजी संदेश आला. शहराच्या पाणीपुरवठ्यात विषारी रसायन मिसळले आहे, दोन दिवस नळाचे पाणी पिऊ नका, असे एक बाई रडवेल्या आवाजात सांगत होती. मी तो संदेश माझ्या भाचीसह चौघांना पाठवला. एरवी असले काही आले तर मी आधी वृत्तपत्र उघडून पाहिले असते. आता पाहण्यासारखे वृत्तपत्रच मी ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो संदेश खोटा ठरला. मी चौघांना स्वतंत्रपणे कळवले की मी पाठवलेली माहिती खोटी होती आणि ती न तपासता पाठवल्याबद्दल मला खेद आहे. ते लिहिताना लाज वाटली. भाचीने उत्तर दिले की तिने तो संदेश रात्रीच साठ जणांच्या गटात टाकला होता. त्या साठांपर्यंत माझे स्पष्टीकरण पोहोचले की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

‘सायन्स’ या नियतकालिकात 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात पसरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या होत्या. खोटी माहिती पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या माहितीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती, आणि 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या माहितीला सुमारे सहापट वेळ लागत होता. हा फरक मुख्यतः स्वयंचलित खात्यांमुळे नसून माणसांमुळे पडत होता, हेही त्या संशोधकांनी दाखवून दिले. आवाजी संदेशाच्या प्रसंगानंतर मला त्यात माझा चेहरा दिसतो. बातम्या वाचणे सोडले म्हणून बातम्या येणे थांबत नाही. दार लावून घेतलेल्या घरात त्या खिडकीतून येतात, आणि खिडकीतून आलेल्याला नाव-गाव विचारायची सोय नसते.

म्हणून मी परत आले, पण पूर्वीसारखी नाही. मोबाईलवरच्या सूचना मी पुन्हा कधी चालू केल्या नाहीत. दिवसातून एकदा, सकाळी, अर्धा तास वाचते. मोठी घटना घडली की पहिल्या दिवशीचे आकडे आणि कारणे मनात पेन्सिलीने लिहून ठेवते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पुन्हा वाचते. मथळ्यावरून मत बनवायचे नाही, शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय बातमी वाचली म्हणायचे नाही, असा नियम केला आहे, कारण बातमीला उलटा अर्थ देणारे वाक्य बरेचदा तिथे दडलेले असते. अहवाल, निकालपत्र किंवा विधेयक यांबद्दल काही लिहिले असेल आणि मूळ कागद उपलब्ध असेल, तर त्याची निदान पहिली दोन पाने चाळते. आणि कुणी आपली चूक ठळकपणे सांगितली, तर त्या माध्यमाचे नाव लक्षात ठेवते. सध्या मी ज्या दोन ठिकाणी वर्गणी भरते, ती दोन्ही मी त्यांच्या दुरुस्त्या वाचून निवडली आहेत.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे कृपया समजू नका. जाहिरातीचा पैसा शोधयंत्रांकडे आणि समाजमाध्यमांकडे वळला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही 2005 पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. पूर्वी जिथे बातमी तीन जणांच्या नजरेखालून जात असे, तिथे आता एकच उपसंपादक तासाला पाच बातम्या सोडतो. आणि 2024 या एका वर्षात जगभरात किमान 124 पत्रकार आणि माध्यमकर्मी मारले गेल्याची नोंद पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या समितीने केली आहे. इतका धोका पत्करून मिळवलेल्या माहितीच्या शेजारी कुणीतरी न तपासलेले ‘समजते’ ठेवतो, तेव्हा अन्याय वाचकावर होतो त्याहून अधिक त्या बातमीदारावर होतो, असे मला मनापासून वाटते.

मी मागते आहे त्याला फार पैसा लागत नाही. बातमी बदलली तर तिच्याखाली काय बदलले आणि केव्हा बदलले ते लिहा. चूक जितक्या लोकांना सूचना म्हणून पाठवली होती, तितक्यांनाच दुरुस्तीही सूचना म्हणून पाठवा. यंत्रणा तीच आहे, यादीही तीच आहे. मृताचे नाव कुटुंबाला कळल्याची खात्री होईपर्यंत देऊ नका. आणि जे अजून माहीत नाही ते माहीत नाही असे लिहा. ‘आगीचे कारण अद्याप स्पष्ट झालेले नाही’ हे वाक्य वाचून मी तुमचे वृत्तपत्र खाली ठेवले असते का? उलट त्या रात्री रस्त्यावर उभे असताना मला दुसरे कुठलेच वाक्य इतके खरे वाटले नसते. 18 एप्रिल 1930 रोजी बीबीसी रेडिओच्या निवेदकाने संध्याकाळच्या वार्तापत्रात आज बातमी नाही एवढेच सांगितले आणि उरलेल्या वेळात पियानोवादन ऐकवले गेले. त्या दिवशी जगात काहीच घडले नसेल असे नाही, आणि तेवढा साधेपणा आज कुणाला परवडणार नाही हेही मला कळते. पण आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे आणि काय नाही, हे श्रोत्याला सरळ सांगण्याची ती तयारी मला आजच्या चोवीस तासांच्या वाहिनीवरही हवी आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘अद्याप दुजोरा नाही’ एवढे शब्द मावायला कितीशी जागा लागते?

काकांच्या बातमीचा दुवा अजून चालू आहे. मथळा तोच आहे, वर वेळ रात्रीचीच आहे आणि शॉर्टसर्किटही तसेच आहे. ज्या संपादकांना हे पत्र वाचून ती बातमी आपल्याकडची असल्याचे ओळखू येईल, त्यांच्यासाठी तिच्याखाली टाकायच्या ओळी मी इथे लिहून देते: “या बातमीच्या पहिल्या आवृत्तीत एका रहिवाशाचा मृत्यू झाल्याचे चुकीने म्हटले होते. ते जखमी झाले होते आणि आता बरे आहेत. आग शॉर्टसर्किटमुळे लागल्याचा उल्लेखही चुकीचा होता; अग्निशमन दलाच्या अहवालानुसार ती गॅसच्या गळतीमुळे लागली.” काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या डाव्या हाताची बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ते माझ्याकडे येऊन मला तो दुवा उघडायला सांगतात, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि फोन परत देतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक वाचक